चित्रकथीच्या लेखात डोळ्यांनी पाहिलेलं लिहू शकते का?

मराठी विकिपीडियावर चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या लोककलेचा लेख वाढवतेय. माहेर कुडाळचं, चित्रकथीसाठी ओळखलं जाणारं पिंगुळी गाव हाकेच्या अंतरावर. लहानपणी देवळात बसून पाहिलंय: हुडुक (छोटं चर्मवाद्य) वाजतोय, कथेकरी एकेक चित्र पुढे धरतोय. हे लिहिलं, तर लगेच त्या वाक्याला 'संदर्भ हवा' अशी खूण लागली. वाईट वाटलं.

— ताई, ती खूण मीच लावली. तुमची आठवण खरीच आहे, पण वाचणाऱ्याला पडताळता यायला हवी. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाच्या बातम्या बघा. वाद्यांचा उल्लेख सापडेल, मी शोधायला मदत करतो.

— फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर) चढवा. जुन्या पोथीतली, म्हणजे एका कथेच्या चित्रसंचातली चित्रं चालतात. आजच्या चित्रकाराची लेखी परवानगी घ्या.

— गणपतीत गावी जातेय. पोथीच्या पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रं असतात, दोन्हींचे फोटो काढते.