पॉटलकला जेलो सॅलड न्यावं की नाही? माझं मत: न्यावंच

तळ्याकाठची (मिनेसोटा)

इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टात दहा माणसं एकत्र जेवायला बसली, मग ते चर्चच्या तळघरातलं जेवण असो की शेजारपाजारचं पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असं जेवण), की टेबलावर कुठेतरी रंगीत जेलीची रिंग, म्हणजेच जेलो सॅलड, थरथरत असतेच. आत फळं, वर क्रीम, आणि ती ठेवलेली असते हॅम आणि बटाट्यांच्या शेजारी, गोडाच्या टेबलावर नाही. आपल्या मराठी मंडळींत मात्र विषय निघाला की लगेच नाकं मुरडली जातात, "शी, ते प्लास्टिकसारखं काय", "जुनाट आहे", "लहान मुलांचा खाऊ". मला हे अजिबात पटत नाही. पंचवीस-तीस माणसांच्या जेवणाला याच्याइतकं सोयीचं गोड मला तरी सापडलेलं नाही. आदल्या रात्री करून ठेवता येतं, ओव्हन अडकत नाही, खर्च फारसा नाही, आणि कवळी लावणाऱ्या आजोबांपासून नुकतं खायला लागलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना खाता येतं.

आणि नीट केलं तर चवीलाही छान लागतं हो. लोक नीट करत नाहीत हा खरा प्रॉब्लेम आहे. ऑरेंज जेलोची, म्हणजे तयार गोड जेली पावडरची, 85 ग्रॅमची दोन पाकिटं घ्या, दोन कप उकळतं पाणी घालून दोन मिनिटं सलग ढवळा, तळाशी एकही कण राहता कामा नये. पाकिटावर दोन कप गार पाणी लिहिलेलं असतं पण साच्यात लावायचं असेल तर दीडच कप घाला, नाहीतर उलटं केल्यावर बसकण मारतं. त्या दीड कपात डब्यातल्या अननसाचा रस वापरला तर चव खुलते. मग फ्रीजमध्ये दाट होईपर्यंत थांबायचं आणि तेव्हाच फळं घालायची, डब्यातली संत्र्याची सालं काढलेली फोड आणि निथळलेला अननस. आधी घातली की काही वर तरंगतात, काही तळाशी बसतात, आणि कापल्यावर कुणाच्या वाट्याला नुसती जेली, कुणाच्या वाट्याला नुसती फळं. साचा काढताना कोमट पाण्यात पंधरा सेकंद, आणि ताट आधी ओलं करून घ्या म्हणजे रिंग वाकडी पडली तर सरकवता येते.

तुमचं काय मत?

शाकाहारी_शिकागो

माझा विरोध आहे आणि तो चवीबद्दल नाहीये. जिलेटिन डुकराच्या कातडीपासून, गुरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. आपल्याकडच्या गेट-टुगेदरला कोण कोण येतं बघा ना, शाकाहारी घरातले, जैन, शेजारचं मुस्लिम कुटुंब. चिकनची हंडी दिसली की माणूस आपोआप बाजूला होतो, पण फळांची वाटी दिसली तर कोण विचारणार यात काय आहे म्हणून? पदार्थ फळांचा दिसतो आणि असतो भलताच, हे मला पाहुण्यांच्या बाबतीत चुकीचं वाटतं. वरून मार्शमेलो घालतात त्यातही जिलेटिनच. जिथे सगळ्यांनी निर्धास्त होऊन वाढून घ्यावं अशी अपेक्षा असते तिथे हा पदार्थ नकोच.

सॉल्टलेकवासी

शाकाहारी ताई/दादा, तुमचा मुद्दा मान्य, पण मग तो लेबल लावण्याचा मुद्दा झाला, पदार्थ बाद करण्याचा कसा? मी युटामध्ये राहतो, इथे 2001 साली राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून जेलोला राज्याचा अधिकृत स्नॅक ठरवलं. 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिरव्या जेलोची पिन निघाली होती आणि ती जमवायला लोक धडपडत होते. आता कुणी म्हणेल त्यात काय एवढं. पण इथे कुणाच्या घरी मयत झालं की मॉर्मन वॉर्डातल्या (म्हणजे त्या पंथाच्या स्थानिक मंडळीतल्या) बायका जेवण घेऊन येतात, चीज घातलेले भाजके बटाटे, हॅम, आणि लाइम जेलो, कधी त्यात किसलेलं गाजर. घरच्यांना चूल पेटवायला लागू नये म्हणून. आपल्याकडे सुतकात शेजारी पिठलं-भात आणून देतात त्याच भावनेने. असल्या पदार्थाला जुनाट म्हणून बाजूला टाकणं मला बरोबर वाटत नाही. तो टिकला तो माणसांना उपयोगी पडला म्हणून.

साखर_कमी

टिकला तो जाहिरातीमुळे, असं मी म्हणेन. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात पर्ल वेट नावाच्या माणसाने जिलेटिनमध्ये साखर आणि फळांचे फ्लेवर घातले, बायकोने नाव ठेवलं, खपेना म्हणून 1899 मध्ये ऑरेटर वुडवर्डला 450 डॉलरला विकून टाकलं. पुढे वुडवर्डच्या कंपनीने मासिकांत जाहिराती दिल्या, रेसिपीच्या पुस्तिका फुकट वाटल्या, तेव्हा कुठे ते घराघरात गेलं. म्हणजे तुम्ही ज्याला परंपरा म्हणताय ती कंपनीच्या पुस्तिकेतून आलेली आहे. आणि 85 ग्रॅमच्या त्या पाकिटात बहुतेक साखरच असते, बाकी थोडं जिलेटिन, रंग, आंबटपणा. त्यावर पाकात बुडालेली डब्यातली फळं, त्यावर कूल व्हिप (डब्यातलं तयार क्रीमसारखं टॉपिंग), आणि वर नाव सॅलड. लोक भाजीच्या शेजारी भाजीसारखं वाढून घेतात आणि नंतर परत केक खातातच. मधुमेह असलेली किती माणसं असतात आपल्या ग्रुपमध्ये! ताजी फळं कापून ठेवा की, कोण नको म्हणतंय.

तळ्याकाठची (मिनेसोटा)

साखर_कमी, इतिहास बरोबर सांगितलात पण अर्धाच. पावडर यायच्या आधी जेली करायची म्हणजे वासराचे पाय तासन्‌तास उकळायचे, गाळायचं, निवळायचं, आणि गोठवायला बर्फ हवा. हे फक्त ज्यांच्या घरी स्वयंपाकाला नोकर होते त्यांनाच जमायचं. चार्ल्स नॉक्सने दाणेदार जिलेटिन विकायला काढलं आणि तीच गोष्ट साध्या घरातल्या बाईला दहा मिनिटांत जमायला लागली. कोबी, सेलरी, लाल मिरची घातलेलं ते प्रसिद्ध परफेक्शन सॅलड कुठून आलं? 1905 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या न्यू कॅसलच्या मिसेस जॉन कुक यांनी नॉक्सच्या स्पर्धेत पाठवलं होतं, तिसरं बक्षीस मिळालं, शिवणाचं मशीन. कंपनीने पावडर विकली, पण तिचं काय करायचं हे घरातल्या बायकांनीही ठरवलं, आणि त्यांनी ठरवलेलं मला परंपराच वाटतं. मंदीच्या काळात उरलंसुरलं पुरवायला जेली उपयोगी पडली, नंतर घरोघरी फ्रीज आले तेव्हा तिला वेगळाच मान आला. आता त्याच काळात लोकांनी लाइम जेलीत ट्यूना आणि ऑलिव्ह घातले त्याची बाजू मी घेणार नाही, ते वाईटच लागत असणार.

ताज्या फळांबद्दल म्हणाल तर मिनेसोटात जानेवारीत चांगली ताजी फळं काय भावाने मिळतात ते विचारा कुणालाही. कापलेलं सफरचंद तासाभरात काळं पडतं, केळ्याचं तर विचारूच नका. जेलीत बुडवलेलं फळ दुसऱ्या दिवशीही तजेलदार राहतं, जमावाच्या जेवणात याला महत्त्व आहे.

जीवरसायन

मधे बोलतो, कारण "नीट करत नाहीत" याच्याशी संबंधित आहे. ताजा अननस, पपई, किवी, अंजीर यांच्यात प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात, अननसातलं ब्रोमेलेन तर फारच जोरदार. जिलेटिन हे प्रोटीनच, त्यामुळे ताजा अननस घातला की रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर, जेली पाणीच राहणार. डबाबंद करताना उष्णतेने एन्झाइम निकामी होतं म्हणून डब्यातला चालतो. ताजाच हवा असेल तर आधी उकळून घ्या.

आता मूळ वादावर. अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून येतं, ते प्रोटीन नसून कर्बोदक आहे, त्याला ब्रोमेलेन काही करू शकत नाही. दुसरं म्हणजे जिलेटिन साधारण तिशीच्या वर तापमान गेलं की वितळायला लागतं, अगार मात्र गोठलं की 85 अंशांच्या आसपास जाईपर्यंत हलत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात अगार आलं तेच या कारणाने. 1881 मध्ये जर्मनीत वॉल्टर हेसे जीवाणू वाढवत होता आणि जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, तेव्हा त्याची बायको फॅनी हिने अगार सुचवलं, कारण ती घरी जेल्या करताना तेच वापरायची, जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून शिकली होती. मग ते जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत गेलं आणि आजही जगभर वापरात आहे. तेव्हा जुलैतल्या पार्कमधल्या पिकनिकला अगारच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, शाकाहाराचा प्रश्नही तिथेच मिटतो. कपाला साधारण एक छोटा चमचा पावडर, आणि ती दोन-तीन मिनिटं उकळायलाच हवी, नुसत्या गरम पाण्यात नाही विरघळत.

सॉल्टलेकवासी

पण सर, वितळणं हीच तर जिलेटिनची मजा आहे ना! तोंडात टाकलं की अंगाच्या उष्णतेने विरघळतं, चव जिभेवर पसरते. अगारची जेली कडक, दाताखाली तुटते, विरघळत नाही. मला दोन्ही आवडतात पण एकाच्या जागी दुसरं असं नाही म्हणता येणार. तो वेगळा पदार्थ झाला.

खवय्या_नाशिक

मी भारतात राहतो तर इथलं सांगतो. आमच्या लहानपणी वाढदिवसाला फ्रूट कस्टर्ड असायचं, वर लाल जेलीचे चौकोनी तुकडे, आणि ते तुकडे आधी कोण पळवतं यावरून भांडणं. आताही इथल्या दुकानात जी जेली मिळते त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, त्यात कॅराजीनन असतं, तेही शेवाळातलंच. फक्त लक्षात ठेवा, ती बाहेर ओट्यावरच पटकन गोठते, तुमच्या जेलोसारखी फ्रीजमध्ये दाट होण्याची वाट बघत बसलात तर फळं घालायची वेळ निघून जाईल. फळं साच्यात आधी मांडायची आणि वरून कोमट जेली ओतायची. आमची द्राक्षं अर्धी कापून घालून बघा, दिसतातही सुंदर. मात्र अमेरिकेतली रिंग इथे मे महिन्यातल्या लग्नाच्या मांडवात नेऊ नका कुणी, वाढेपर्यंत सरबत होईल.

तळ्याकाठची (मिनेसोटा)

खवय्या, द्राक्षांची आयडिया छान. जीवरसायन, अगारबद्दल पटलं आणि गणपतीच्या जेवणाला मी अगारचंच करणार, तिथे जिलेटिन नेण्याचा प्रश्नच येत नाही. पण माझ्या अमेरिकन शेजाऱ्यांच्या पॉटलकला मी जिलेटिनचंच नेणार, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून.

शाकाहारी_शिकागो

चिठ्ठीने माझं समाधान होत नाही. चिठ्ठी पडते, लहान मुलं वाचत नाहीत, आणि वाढायचा चमचा तिथून उचलून शेजारच्या फ्रूट सॅलडमध्ये जातो हे प्रत्येक पॉटलकला होतं. मिश्र गर्दी असेल तर एकच करा आणि ते सगळ्यांना चालेल असं करा. कडक लागलं तर लागलं.

साखर_कमी

+1. आणि अगारमध्ये साखर आपल्या हातात असते, पाकिटातल्यासारखी आधीच कालवलेली नसते. संत्र्याचा ताजा रस घ्या, साखर चाखत चाखत घाला. एवढं केलंत तर माझा विरोध निम्मा कमी.

तळ्याकाठची (मिनेसोटा)

चमच्याचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर उपाय म्हणजे रिंग वेगळ्या टेबलावर, मांसाहारी पदार्थांच्या बाजूला, तसंही ती इथे हॅमशेजारीच असते. पण जिलेटिन सोडणार नाही. ज्यांना चालतं त्यांनी तरी ते मूळ रूपात खावं की!