‘स्टे विथ मी’ कोणाकडे अडकलंय?

प्राची ४०१ (सकाळी ८:१२): सुप्रभात. तिसऱ्यांदा विचारतेय. आपल्या वाचनकट्ट्याच्या कपाटातली, नायजेरियाच्या आयोबामी आदेबायोची ‘स्टे विथ मी’ ही कादंबरी कोणाकडे आहे? वहीत शेवटची नोंद संक्रांतीच्या आठवड्यातली, त्यापुढे सहीच नाही. या रविवारी तिच्यावरच बोलायचं ठरलंय. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुपचूप कपाटात आणून ठेवा. मी काही बोलणार नाही.

मोघेकाका २०१: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? हिला कुरडया घालायच्या आहेत. चीक तयार आहे.

सुलभाताई ३०४: 🌸 शुभ सकाळ 🌸 आजचा दिवस आनंदाचा जावो

नितीन १०४: पुस्तकाचं नावच ‘माझ्याजवळ राहा’. ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे राहिलं. त्या बिचाऱ्याला कशाला दोष 😄

देशकरकाका (खजिनदार): विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. सांस्कृतिक निधीतून नायजेरियाचं पुस्तक कोणत्या ठरावाने घेतलं? आपल्याकडचे लेखक संपले का? मागेच बोलणार होतो, पण तेव्हा गणपतीच्या वर्गणीचा विषय तापलेला होता.

प्राची ४०१: काका, निधीतला एक रुपया घेतलेला नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवरून माझ्या पैशाने घेतलंय, दीडशे रुपयांना. वहीच्या पहिल्या पानावर ‘भेट’ असं लिहिलंय.

देशकरकाका (खजिनदार): ठीक. मी फक्त विचारलं. विचारायचंही नाही का?

नितीन १०४: मला पण नायजेरियातून ईमेल आला होता. राजपुत्राचे ५० लाख डॉलर अडकलेत म्हणे. प्राचीताई, रविवारी त्याच्यावर पण चर्चा ठेवा.

डॉ. मेघना ५०२: नितीन, हा विनोद वीस वर्षं जुना झाला. त्या देशात वोले सोयिंकांना १९८६ साली साहित्याचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतलं पहिलं. सोयिंका ज्या इफेच्या विद्यापीठात शिकवायचे, त्याच विद्यापीठाच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये ही आयोबामी वाढली.

नितीन १०४: सॉरी मॅडम 🙏 नाइट ड्यूटी होती वाटतं.

डॉ. मेघना ५०२: होती. म्हणूनच सांगतेय, नादी लागू नकोस.

वसुधाकाकू ३०२: सर्वांना नमस्कार. मी सहसा इथे बोलत नाही. पण हे पुस्तक कपाटात ठेवायच्या लायकीचं आहे का, याचा विचार व्हावा. मी जानेवारीत दहाएक पानं चाळली आणि ठेवून दिलं. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सासरचे नवी बायको घेऊनच दारात येतात! आपल्याकडे नव्या सुना येतात, वाचतात. सासर म्हणजे असंच असतं असं वाटायचं त्यांना.

अश्विनी ३०३: सुनांना पुस्तकातून कळावं लागतं असं काही नाही काकू 🙏

(यावर अकरा मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहीत नाही.)

मोघेकाका २०१: गच्चीची किल्ली?

नितीन १०४: मोघेकाका, टायमिंगला तोड नाही.

कुलकर्णी सर ५०१: प्राचीताई, ही तीच का हो, टेड टॉकवाली? स्त्रीवादावर बोलते ती?

प्राची ४०१: नाही सर, ती चिमामांडा न्गोझी अदिची. हिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. हिने तिच्याकडे आणि मार्गारेट ॲटवूडकडे लेखनाचे धडे घेतलेत. सगळेजण दोघींची गल्लत करतात. म्हणूनच रविवारसाठी टिपण काढलंय, इथेच टाकते.

प्राची ४०१: आयोबामी आदेबायो. जन्म १९८८, लागोस. घर लवकरच इलेशाला आणि मग इफेला हललं. आई डॉक्टर. इफेच्याच ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठात इंग्रजी साहित्यात बी.ए. आणि एम.ए. २०१३ मध्ये केनियाच्या ‘क्वानी’ या साहित्यिक नियतकालिकाने अप्रकाशित हस्तलिखितांची स्पर्धा घेतली, त्यात या कादंबरीचं हस्तलिखित निवडक यादीत आलं. २०१४ मध्ये ती शिष्यवृत्तीवर इंग्लंडला ईस्ट अँग्लिया विद्यापीठात लेखन शिकायला गेली, नोबेलविजेते कादंबरीकार इशिगुरो जिथे शिकले तिथे. पुस्तक छापून आलं २०१७ मध्ये, ती २९ वर्षांची असताना. त्या वर्षी स्त्री-कादंबरीकारांसाठीच्या बेलीज पुरस्काराच्या शेवटच्या सहांत पहिलीच कादंबरी असलेली ती एकटी. पुरस्कार दुसरीला गेला.

प्राची ४०१: म्हणजे बघा, हस्तलिखिताचं नाव झाल्यावरही चार वर्षं तिने ते हातातून सोडलं नाही. आणि पुढची कादंबरी आली थेट २०२३ मध्ये.

नितीन १०४: आपली लिफ्ट दुरुस्त होते त्याच वेगाने.

देशकरकाका (खजिनदार): लिफ्टचं कोटेशन सचिवांकडे पडून आहे. माझ्याकडे बोट दाखवू नये.

सचिव: कोटेशन खजिनदारांच्या सहीसाठी थांबलंय. सर्वांच्या माहितीसाठी.

कुलकर्णी सर ५०१: लिफ्ट नंतर. मी वाचलंय ते पुस्तक, डिसेंबरात. घरातल्या गोष्टीमागे रेडिओवर देशाचा इतिहास चालू राहतो, ते फार आवडलं. १९८५ चं बाबांगिदाचं लष्करी बंड, १९९३ ची रद्द केलेली निवडणूक. अबिओला निवडून येत होते, लष्कराने निकालच गुंडाळून टाकला. मी राज्यशास्त्र तीस वर्षं शिकवलं, पण त्या रात्री साध्या घरातली माणसं काय करत होती हे मला कोणत्याही क्रमिक पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

देशकरकाका (खजिनदार): सर, त्यांच्याकडे दोन-दोन बायका चालतात. तिकडची गोष्ट आपल्याला कशी लागू होणार?

कुलकर्णी सर ५०१: देशकर, माझ्या पणजोबांना दोन बायका होत्या. सख्ख्या बहिणी. पहिलीला मूल झालं नाही म्हणून धाकटीला आणलं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा येईपर्यंत आपल्याकडेही कोणी हटकत नव्हतं. आणि त्या पुस्तकात खरी लबाडी नवऱ्याची आहे. मूल का होत नाही हे त्याला माहीत असतं, कारण तो स्वतः

कुलकर्णी सर ५०१: हा मेसेज डिलीट केला गेला.

डॉ. मेघना ५०२: सर!!!

नितीन १०४: मी वाचला 😂

प्राची ४०१: सर, अहो निम्म्या लोकांनी वाचलेलं नाही अजून. रविवारी काय बोलायचं मग?

कुलकर्णी सर ५०१: क्षमस्व. चुकून गेलं. आणि वरचाच मेसेज डिलीट करायचा होता, बोटाने दुसराच झाला.

अश्विनी ३०३: सर, वरचा अजून दिसतोय.

कुलकर्णी सर ५०१: कोणता वरचा? मला कसं कळणार? नातू शाळेत गेलाय.

मोघेकाका २०१: किल्ली. चीक आटत चाललाय. ऊन डोक्यावर आलं की गच्चीत पाय ठेवता येत नाही.

रमेशभाऊ १०३: नमस्कार जी. मी काही पुस्तकवाला माणूस नाही. पण आमच्या लॅबमधल्या मॅडमनं या पुस्तकाचं सांगतलं होतं. यात सिकलसेल आहे म्हणे, तो रक्ताचा आजार. खरं काय?

प्राची ४०१: खरंय रमेशभाऊ. मुलं होतात, पण हाताशी राहत नाहीत. याहून जास्त सांगत नाही.

रमेशभाऊ १०३: मग हे तिकडचं कसं जी? हे तर आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचंच झालं. जगात सिकलसेलचे सगळ्यात जास्त बाळं नायजेरियात जन्मतात, त्यानंतर भारत येतोच. मी रोज सोल्युबिलिटी टेस्ट लावतो. नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर बरं. गढूळ झालं, रेघा गेल्या, की पुढच्या तपासणीला पाठवायचं. परवा एक पोट्टी आली होती, लग्न ठरलं होतं. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतःला आजार नाही, पण लेकरांत जाऊ शकते. तिचा बाप मले म्हणे, पत्रिकेत छत्तीस गुण जुळले भाऊ, तुमची मशीन पाहा एकदा.

डॉ. मेघना ५०२: दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला आजार होईल. लोक समजतात, एकाला झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नसतं, दर वेळी नव्याने तेवढीच शक्यता. नायजेरियात दर चौघांत जवळपास एक वाहक आहे, म्हणून तिथे लग्न ठरवताना ‘तुझा जीनोटाइप काय’, म्हणजे रक्ताचा जनुकीय प्रकार कोणता, हे सरळ विचारतात. कित्येक चर्चमध्ये रिपोर्ट दाखवल्याशिवाय लग्न लावत नाहीत. आपल्याकडे २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, कार्ड वाटतायत, पण कार्ड दाखव म्हणायला मुलीकडचे घाबरतात.

देशकरकाका (खजिनदार): ही माहिती उपयुक्त आहे. हे पुस्तकात आहे असं आधी सांगायला हवं होतं.

अश्विनी ३०३: म्हणजे माहिती असली तर चालतं, बाईची गोष्ट असली तर ठराव लागतो.

देशकरकाका (खजिनदार): मी तसं म्हटलेलं नाही. अश्विनीताई, आपण मागच्या वेळीही पार्किंगवरून असंच शब्द तोंडात घातले होते.

अश्विनी ३०३: पार्किंग आणू नका काका. तुमची पांढरी गाडी आत्ताही रेषेवर आहे. खिडकीतून दिसतेय.

सचिव: कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

वसुधाकाकू ३०२: सिकलसेलचं मला रमेशने सांगायची गरज नाही. मी बावीस वर्षं आरमोरीकडच्या शाळेत होते. पावसाळा लागला की वर्गातली तीच तीच मुलं गुडघे धरून रडायची आणि आम्ही म्हणायचो नाटकं करतात. ते असो. माझा आक्षेप वेगळा आहे. ती बाई शिकलेली, स्वतःचं केसांचं दुकान चालवते, मुली हाताखाली. आणि ती भोंदू बुवाच्या नादी लागून पांढरी बकरी ओढत डोंगरावर जाते, बकरीला बाळ समजून पाजते! शिकलेल्या बाईला असं दाखवायचं? आणि मुलांची ती नावं. तिसऱ्या मुलीचं नाव रोटिमी, ‘माझ्याजवळ राहा’. का, तर आधीची गेली. आमच्याकडे नाही का धोंडू, दगडू, केरबा ठेवायचे, नजर लागू नये, यमाने उचलू नये म्हणून. माझ्या सख्ख्या मामाचं नाव उकिरडा होतं, चार भावंडं गेल्यावरचा तो. आजी त्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून खरंच उकिरड्यापर्यंत नेऊन आली होती. त्या लोकांत निदान नाव तरी गोड ठेवतात.

प्राची ४०१: काकू, हे किती छान लिहिलंत. रविवारी हेच सांगा ना.

प्राची ४०१: पण काकू, एक विचारू का?

प्राची ४०१: दहा पानं चाळून ठेवून दिलं म्हणालात. बकरी पन्नासच्या आसपास आहे. रोटिमी तर बरीच पुढे येते.

नितीन १०४: 🍿

डॉ. मेघना ५०२: काकू 😊

रमेशभाऊ १०३: आता कसं जी.

वसुधाकाकू ३०२: कोणीतरी सांगितलं होतं मला.

अश्विनी ३०३: कोणी? सरांनी तर डिलीट केलं.

कुलकर्णी सर ५०१: मी बकरीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. माझ्यावर सगळं येऊ नये.

मोघेकाका २०१: सचिवसाहेब, निदान डुप्लिकेट किल्ली तरी असेल ना? नियमाप्रमाणे असायला हवी.

सचिव: डुप्लिकेट मागच्या होळीला हरवली. तेव्हा ग्रुपवर कळवले होते.

डॉ. मेघना ५०२: मला तिचं दुसरं जास्त आवडलं, ‘अ स्पेल ऑफ गुड थिंग्ज’. २०२३ च्या बुकरच्या पहिल्या यादीत होतं. त्यातली वुराओला तरुण डॉक्टर आहे, सरकारी इस्पितळात ड्यूटीवर ड्यूटी. घरी मात्र सगळ्यांना तिच्या लग्नाची घाई, आणि मुलगा कसा आहे हे बघायला कोणाला वेळ नाही. दुसरीकडे एनियोला म्हणून मुलगा. वडील इतिहासाचे शिक्षक, नोकरी गेली. फी थकली म्हणून शाळेत वळ उठेपर्यंत मार खातो आणि शिंप्याकडे काम शिकतो. मी ड्यूटी रूममध्ये वाचत होते आणि वुराओलाचे पाय कसे दुखत असतील ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्यांना हवंय त्यांना देते, पण सही करून. वहीत.

कुलकर्णी सर ५०१: इतिहासाच्या शिक्षकाची नोकरी जाते, हे वाचून मला झोप लागणार नाही. तरी द्या.

देशकरकाका (खजिनदार): रविवारी चहा किती जणांचा सांगायचा? चहा मात्र निधीतून जातो, म्हणून विचारतो.

नितीन १०४: मी येतो काका. आता नवऱ्याचं कळलंच आहे, वाचायची गरज नाही.

प्राची ४०१: नितीन, ज्यांनी वाचलंय त्यांनाच चहा.

वसुधाकाकू ३०२: प्राची, इथे नीट सांगते म्हणजे नंतर कोणी काही बोलायला नको. पुस्तक माझ्याकडे आहे. सही करायची राहून गेली, वहीचं पेन तिथे कधीच नसतं. पहिल्यांदा खरंच ठेवून दिलं होतं. मग एका दुपारी कूलर बंद पडला, झोप लागेना, म्हणून उघडलं. सासरचे येऊन बसतात आणि ती तीन दिवसांची शिळी उसळ ताजीत मिसळून त्यांना वाढते, तिथे मी एकटी घरात हसले. नंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. अजून तीस पानं उरलीत. आज मिळणार नाही. शनिवारी संध्याकाळी कपाटात असेल.

प्राची ४०१: चालेल काकू 🙏

अश्विनी ३०३: काकू, शनिवारी कपाटात नका ठेवू. मला द्या थेट. समोरच्या समोर.

वसुधाकाकू ३०२: दार वाजव. चारनंतर. आणि त्या रोटिमीचं पुढे काय होतं ते इथे कोणी लिहायचं नाही. सर, तुम्ही तर नाहीच.

कुलकर्णी सर ५०१: मी मोबाइल खाली ठेवला आहे.

सुलभाताई ३०४: आत्ताच वर्तमानपत्रं आवरताना सापडली. गच्चीची किल्ली आमच्याकडेच आहे. परवा कपडे वाळत घातले होते. मोघेकाका, देऊ का पाठवून?

मोघेकाका २०१: राहू द्या. चीक खाऊन टाकला, तेल-मीठ घालून. उद्या सकाळी सहाला लागेल. सहाला म्हणजे सहाला.