क्लॅप्टनने यार्डबर्ड्‌स सोडले ते ब्लूजच्या निष्ठेपायी की हट्टापायी?

तंबोरा (प्रश्न):
‘फॉर युअर लव्ह’ हे गाणे बाजारात येऊन काही दिवसच झाले असताना, मार्च १९६५ मध्ये, गिटारवादक एरिक क्लॅप्टनने यार्डबर्ड्‌स हा बँड सोडला. ते गाणे पुढे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. वयाची वीस वर्षेही पूर्ण न झालेल्या वादकाने दारात आलेले यश केवळ ब्लूजवरील (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारावरील) निष्ठेपायी नाकारले, असे म्हणतात; हे मला पूर्णपणे पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

खर्ज:
गाणे पुन्हा ऐकावे. सुरुवातीपासून कानात भरतो तो हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारे कळपट्टीचे जुने वाद्य), आणि तो वाजवणारा ब्रायन ऑगर बँडचा सभासदही नव्हता. गाणे लिहिणारा ग्रॅहम गोल्डमनही बाहेरचाच. क्लॅप्टनची गिटार मात्र मधल्या तुकड्यापुरती डोकावते. रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबमध्ये अमेरिकन ब्लूज वाजवून ज्या बँडने नाव कमावले, त्याच्या मुख्य गिटारवादकाला स्वतःच्याच गाण्यात पाहुण्यासारखे उभे राहावे लागले, हे माझ्या मते खरे दुखणे होते. पैसा हा मुद्दा नंतरचा.

जुनी तबकडी:
खर्ज यांचे म्हणणे मान्य आहे, तरी दुसरी बाजूही पाहावी. बँडच्या आधीच्या दोन सिंगल्सना (एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकड्यांना) फारसे यश मिळाले नव्हते, त्यामुळे व्यवस्थापक जॉर्जिओ गोमेल्स्की यांनी लोकप्रिय गाण्याचा आग्रह धरला, यात मला काही गैर वाटत नाही. शिवाय क्लॅप्टनच्या जागी आलेल्या जेफ बेकने याच ‘बाजारू’ बँडमध्ये धाडसी प्रयोग केले. गोल्डमनच्याच ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी आधी सतार वाजवून पाहिली गेली आणि अखेर बेकने तो सतारीचा भास फझ (नाद खरखरीत करणारे उपकरण) लावलेल्या गिटारवर उभा केला. चौकट तीच होती. एकाला ती काचली, दुसऱ्याला तिच्यात जागा सापडली.

खर्ज:
बेकचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये गेला आणि गिब्सन लेस पॉल ही गिटार मार्शल अँप्लिफायरवर मोठ्या आवाजात वाजवून त्याने जो भरीव नाद काढला, त्याला यार्डबर्ड्‌सच्या तीन मिनिटांच्या सिंगलमध्ये वाव मिळाला असता, असे मला वाटत नाही. गंमत म्हणजे त्याने ब्लूजब्रेकर्ससोबत केलेला १९६६ चा ब्लूजचा अल्बमही ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर पोहोचला.

तंबोरा:
आभारी आहे. ‘फॉर युअर लव्ह’च्या मागच्या बाजूला ‘गॉट टू हरी’ ही शब्दांविना रचना आहे आणि तिच्यात गिटार क्लॅप्टनचीच आहे, हे आत्ता लक्षात आले. आज रात्री तबकडी उलटी लावून ऐकेन.