मदत हवी आहे: जर्मनीतलं बँक खातं आणि इकडचं आंब्याचं खातं

नमस्कार मंडळी. आम्ही पावसचे. धाकटा भाऊ नोकरीसाठी म्युनिकला गेलाय. पगारासाठी खातं हवं, पण बँक पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, म्हणजे आनमेल्डुंग मागते. तो दाखला घरमालकाच्या सहीशिवाय मिळत नाही आणि हा बाबा सही द्यायला टाळतोय! 'बाझिसकोंटो' नावाचं साधं खातं २०१६पासून तिथे कायद्याने हक्काचं आहे असं वाचलं. कायम पत्ता नसताना ते कुणी उघडलंय का? की तोवर युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या आयबॅनवर, म्हणजे तिथल्या बँकेच्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकावर, पगार घ्यावा? नियमाने कंपनीला नाही म्हणता येत नाही, पण प्रत्यक्षात खळखळ करतात का?

दुसरं, आणि मला जास्त घोर याचाच. वाशीच्या दलालाकडून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, भावाच्या इथल्या बचत खात्यात येते. परदेशी राहायला गेल्यावर ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करावं लागतं, एवढं कळलंय. आईचं नाव सोबत ठेवता येतं, पण फवारणीला, गड्यांना पैसे तिने काढायचे कसे? अधिकारपत्र चालतं का? कागद तिथूनच सही करून पाठवले तर साक्षांकन वकिलातीतूनच लागतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.