प्रार्थनेत ‘तत्पर’ असणे म्हणजे काय?

गंगाकाठची: आमच्या शेजारच्या काकू शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या. त्यांचा मुलगा आयसीयूत होता तेव्हा घरी साखळी प्रार्थना चालली होती. तासातासाने एकेका घरची माणसं येऊन बसायची, रात्रीसुद्धा. एका संध्याकाळी मीही बसले. पाळकांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला 12वा अध्याय वाचला, ‘संकटात धीर धरा, प्रार्थनेत तत्पर असा.’ मी तिथेच अडखळले. तत्पर म्हटलं की मला बँकेतली ‘तत्पर सेवा’ची पाटी आठवते (आणि पाटीखालची रांग). तत्पर म्हणजे चटपटीत ना? इथे तर कुणालाच घाई नव्हती.

जुनेशब्द: चटपटीत हा अर्थ नंतर चिकटला. मूळ संस्कृत तत् + पर, म्हणजे ‘तेच ज्याला सगळ्यांत मोठं’. त्यातच गढलेला. पाटीवरच्या शब्दाची झीज झालीय, बायबलातला जुन्या अर्थाने उभा आहे.

उपनगरकर: पण आज ऐकणाऱ्याला तो अर्थ पोचत नाही, त्याचं काय? ‘चिकाटीने प्रार्थना करा’ म्हणावं सरळ.

जुनेशब्द: चिकाटी एकट्याची असते हो. परीक्षेला बसणाऱ्याची, दुकान चालवणाऱ्याची. इथे क्रियापद अनेकवचनी आहे, सगळ्यांना मिळून सांगितलंय. मूळ ग्रीक क्रियापद ‘प्रोस्कार्टेरेओ’, एखाद्या गोष्टीपाशी नेटाने टिकून राहणं. गंमत म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायात हेच क्रियापद होडीसाठी आलंय. गर्दीने चेंगरू नये म्हणून येशू शिष्यांना एक लहान होडी आपल्यासाठी तयार ठेवायला सांगतो. होडी कुठे जात नाही, पण हाक आली की निघायची. म्हणजे ‘तयार’ हा अर्थही अगदीच परका नाही.

नाशिकरोडवाला: आमच्याकडे बाळ येशूच्या देवळात नोव्हेना असते, नऊ दिवसांची प्रार्थना. तिचं मूळ बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच सांगतात. येशू स्वर्गात गेल्यावर पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत शिष्य, मरीया आणि इतर स्त्रिया माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करत राहिले. तिथेही ‘तत्पर’च आहे.

जुनेशब्द: बरोबर, अध्याय 1, ओवी 14. आता त्याच पुस्तकाचा 12वा अध्यायही बघा. येशूचा शिष्य याकोब याला हेरोद राजाने मारलंय, दुसरा शिष्य पेत्र तुरुंगात आहे आणि मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करतेय. तिथे ‘एक्तेनोस’ हा ग्रीक शब्द आहे, म्हणजे ताणलेली, खंड न पडणारी. आपल्या ‘संतत’मधला तन् धातू ताणण्याचाच, आणि दोन्ही एकाच मुळातले. गंगापूर धरण भरतं त्या संततधारेतलं संतत! पुढे पेत्र सुटून दार ठोठावतो, रोदा नावाची दासी आनंदाने आत धावते, तर प्रार्थना करणारेच तिला म्हणतात, तू वेडी आहेस. पूर्ण भरवसा होता म्हणून ते बसले होते असंही नाही, बघा.

उपनगरकर: मग ‘लावून धरा’ चालेल. तो तरी पाच-दहा जणांचा शब्द आहे.

गंगाकाठची: मुलगा घरी आलाय, काठी घेऊन चालतो. काकूंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, “शब्दाचं मला नाही कळत गं. पहाटे चारची पाळी ज्यांची, ते पावणेचारलाच दारात चपला काढत होते. आणि तीनवाले काही केल्या प्रार्थनेवरून उठेनात.”