चिंक्वे तेर्रे: ट्रेन की बोट?

इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांना सत्तरीतल्या आईबाबांना घेऊन जाताय आणि ट्रेन पुरे की बोटही घ्यावी, असं विचारलंयत. एकदा तरी बोट घ्याच! ट्रेन दोन गावांमधलं अंतर काही मिनिटांत कापते, पण बहुतेक रस्ता बोगद्यातून. समुद्र दिसला म्हणेपर्यंत पुन्हा अंधार. बोटीतून मात्र अख्खा डोंगर समोर येतो: दगडी बांध घालून केलेल्या द्राक्षांच्या पायऱ्या, आणि खाली खडकाला चिकटलेली पिवळी-गुलाबी घरं.

बोट मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, मानारोला आणि रिओमाज्जोरेला लागते. कोर्निल्या कड्यावर आहे, त्याला बंदरच नाही. तिथे ट्रेनने जा, आणि स्टेशनवरून वर मिनीबस धरा. नाहीतर पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत.

आईबाबांसाठी खरी काळजी बोटीत चढण्या-उतरण्याची. मानारोलाला बोट आपलं नाक खडकाजवळ आणते आणि अरुंद फळी टाकतात. लाटेबरोबर ती फळी वरखाली होते. खलाशी दंडाला धरून उतरवतात, तरी माझी आई खडकावर पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यामुळे मोंतेरोस्सोला चढून थेट पाच गावांच्या पलीकडच्या पोर्तोव्हेनेरे गावाला उतरा. शेवटी खडकाच्या टोकावरचं सान पिएत्रोचं चर्च दिसतं, तेव्हा उजेड असेल अशी वेळ धरा.

ट्रेनच्या चिंक्वे तेर्रे कार्डात बोट येत नाही, तिकीट वेगळं. हिवाळ्यात बोटी बंद असतात आणि समुद्र खवळला तर उन्हाळ्यातही रद्द होतात, म्हणून सकाळी धक्क्यावर चौकशी करूनच दिवस ठरवा.