मदत हवी आहे: वॅलग्रिंडखाली प्रोग्राम सर्व्हरवर सिगिलने पडतो

सोलकढी६४
मेमरीतले राइट्स मोजणारं एक छोटं टूल वॅलग्रिंडवर (चालू प्रोग्राम तपासणारी चौकट) लिहिलंय. लॅपटॉपवर व्यवस्थित चालतं. सर्व्हरवर 'अनहँडल्ड इन्स्ट्रक्शन बाइट्स' छापून सिगिल (न कळणारी सूचना आल्याचा सिग्नल). वॅलग्रिंडशिवाय प्रोग्राम नीट पळतो, म्हणजे माझ्या इन्स्ट्रुमेंट (मोजणीचा कोड घुसवणाऱ्या) फंक्शनमध्येच घोळ आहे. आयआरमध्ये (वॅलग्रिंड सूचनांचं जे मधलं रूप बनवतं त्यात) काय चुकत असेल? उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

बंड्या_बाइट
कोणते बाइट्स? कंपायलर, फ्लॅग, प्रोसेसर? इथे कुणी पोपट घेऊन बसलेलं नाही. आधी टूलच्या जागी 'नन' (काहीच न मोजणारं रिकामं टूल) देऊन चालवा. तरीही पडलं तर तुमचं टूल निर्दोष.

कोकणकडा
वॅलग्रिंड कशाला? अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावा. वेळ साधारण दुप्पट, बस.

बंड्या_बाइट
त्यांना राइट्स मोजायचेत, बफर ओव्हरफ्लो पकडायचे नाहीत.

दिवेलागण
ड्वॉर्फ ५ (डीबग माहितीचा फॉरमॅट) असणार. जीसीसी कंपायलरमध्ये आवृत्ती ११ पासून तेच डीफॉल्ट आहे. जीड्वॉर्फ-४ देऊन बिल्ड करा.

बंड्या_बाइट
तो आजार वेगळा. जुन्या वॅलग्रिंडला त्यात लाइन नंबर वाचता येत नाहीत, सिगिल येत नाही.

सोलकढी६४
'नन'नेही पडलं! बाइट्स ६२ ई१ ७सी २८ १०. फ्लॅग नेहमीचेच, ओ३ आणि मार्च=नेटिव्ह (बिल्ड होतो त्याच मशीनच्या प्रोसेसरला साजेसा कोड). बिल्ड सर्व्हरवरच होतो. एव्हीएक्स-५१२ची (प्रोसेसरच्या नव्या, रुंद सूचनांची) शंका मला आली होती, पण ऑब्जडंपमध्ये (बायनरीतल्या सूचना दाखवणारं साधन) झेडएमएम (५१२ बिटची रजिस्टरं) शोधलं, एकही नाही.

खडीसाखर
'नेहमीचेच' म्हणे! चोर तिथेच आहे. ६४ बिटमध्ये ६२ने सुरू होणारी सूचना म्हणजे ईव्हेक्स (एव्हीएक्स-५१२चं एन्कोडिंग), आणि वॅलग्रिंडच्या अधिकृत आवृत्त्यांना ती वाचता येत नाही. झेडएमएम न सापडण्याचं कारण चौथ्या बाइटमध्ये आहे: २८ म्हणजे २५६ बिट. ५१२ बिट असते तर तिथे ४८ दिसलं असतं. दुसरा बाइट एफ१ऐवजी ई१ आहे, म्हणजे रजिस्टर वायएमएम१६ किंवा त्यापुढचं (वायएमएम म्हणजे २५६ बिटची रजिस्टरं). वायएमएम१५पर्यंत जुनं व्हेक्स एन्कोडिंग पुरतं, १६पासून पुढे ईव्हेक्सच लागतं. सर्व्हर चिपसाठी जीसीसी बऱ्याचदा २५६ बिटच पसंत करतो, त्यामुळे झेडएमएम शोधून हाती काही लागत नाही. वायएमएम१६ ते ३१ आणि के१ ते के७ हे मास्क रजिस्टरही शोधा.

उपाय: मार्च=एक्स८६-६४-व्ही३, त्यात एव्हीएक्स-५१२ नाही. जीसीसी ११च्या आधीचा असेल तर मार्च=हॅसवेल. बिल्ड फोल्डर पुसून नव्याने करा, आणि बाहेरून आणलेल्या स्टॅटिक लायब्रऱ्याही तपासा.

कोकणकडा
काही उपयोग नाही. जीलिबसीच्या (सी भाषेची लायब्ररी) मेमकॉपीतही एव्हीएक्स-५१२ असतं. ते कसं काढणार?

खडीसाखर
काढायची गरजच नाही. जीलिबसी सीपीयूआयडी (प्रोसेसरला काय जमतं ती माहिती) बघून मेमकॉपी निवडते, आणि वॅलग्रिंड स्वतःचं सीपीयूआयडी दाखवतं, त्यात एव्हीएक्स-५१२ नसतं. कंपायलरने थेट कोरलेल्या सूचनांना मात्र ही पळवाट नाही.

मिरवणूक
डायनॅमोरिओवर (वॅलग्रिंडसारखीच दुसरी चौकट) या, त्याला एव्हीएक्स-५१२ कळतं. त्याच्या ड्रयूटिल लायब्ररीने रेप स्ट्रिंग (एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या सूचना) आणि डीआरएक्स लायब्ररीने स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या जागी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सूचना) आधी उलगडून घ्या, नाहीतर मोजणी चुकेल.

बंड्या_बाइट
उद्याच्या डेमोसाठी अख्खं टूल आज रात्री पोर्ट करायचं? घ्या!

सोलकढी६४
व्ही३ने चाललं, आभार. पण आता आकडा लॅकीपेक्षा (वॅलग्रिंडसोबत येणारं नमुना टूल) थोडा कमी येतोय. मी आयआरमधले इस्ट_स्टोअर (साधे राइट्स) तेवढे मोजतो.

खडीसाखर
मग कमीच येणार. लॉक लावलेल्या सूचना इस्ट_कॅस म्हणून येतात, मास्क लावलेले स्टोअर इस्ट_स्टोअरजी म्हणून. एफएक्ससेव्हसारख्या सूचनांसाठी इस्ट_डर्टीत (मदतनीस फंक्शनचा कॉल) एमएफएक्स (त्या कॉलचा मेमरीवरचा परिणाम) बघायचं: राइट किंवा मॉडिफाय असेल तर एमसाइझइतके बाइट्स. लॅकी हे सगळं धरतं, त्याच्या इन्स्ट्रुमेंटमधला स्विच समोर ठेवूनच तुमचा लिहा. मदतनीस फंक्शनवर व्हीजी_रेगपार्म (किती आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जातील तो आकडा) लावलंत तर डर्टी कॉलमध्ये तोच आकडा द्या.